हर-टूची तपासणी: फॉर्मालिनच्या बाटलीपासून सलाईनच्या स्टँडपर्यंत

स्तनाच्या गाठीची बायोप्सी लॅबमध्ये येते तेव्हा सोबतच्या फॉर्मवर बहुतेक वेळा एका दमात लिहिलेलं असतं: ईआर, पीआर, हर-टू. ईआर इस्ट्रोजेनचा, पीआर प्रोजेस्टेरॉनचा. तिन्ही रिसेप्टर, म्हणजे वाढीचा संदेश पकडणारी पेशीची प्रथिनं, तिन्हींचा निकाल एकाच कागदावर, त्यामुळे ते एकाच जातीचे वाटतात. मायक्रोस्कोपखाली फरक लगेच कळतो. ईआर आणि पीआरचा तपकिरी रंग पेशीच्या केंद्रकात उतरतो, हर-टूचा पेशीच्या कडेला, आवरणावर. उपचाराचं सगळं गणित या जागेवर ठरतं. इस्ट्रोजेन पेशीच्या आत शिरून आपला रिसेप्टर गाठतं, म्हणून त्याला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळीही आत शिरणारी. हर-टूचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो. त्याला पकडायला पेशीत शिरावं लागत नाही, रक्तातून आलेलं भलंमोठं प्रतिपिंड (अँटिबॉडी) बाहेरूनच त्याला चिकटतं. ट्रॅस्टुझुमॅब हे ते प्रतिपिंड.

हर-टूचा जीन १७ व्या गुणसूत्रावर असतो आणि त्यापासून १८५ किलोडाल्टनचं प्रथिन बनतं. ईजीएफआर, हर-टू, हर-थ्री आणि हर-फोर असं हे चौघांचं घराणं. बाकीच्या तिघांना बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटावा लागतो, मग ते जोडी जमवायला तयार होतात. हर-टूला असा स्वतःचा रेणू सापडलेला नाही, तो कायमच जोडीला तयार अशा उघड्या आकारात असतो. हर-थ्रीची स्वतःची एन्झाइमची ताकद जवळपास नाहीच, पण हर-टूशी जोडी जमली की पेशीला ‘वाढ, मरू नकोस’ असा जोरदार संदेश जातो. जीनच्या प्रती वाढल्या की आवरणावर रिसेप्टरांची इतकी दाटी होते की ते आपसांतच जोड्या जमवत सुटतात. सर्वसाधारण पेशीवर हे रिसेप्टर वीस हजारांच्या आसपास असतात, हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगात ते वीस लाखांपर्यंत जातात. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन यांच्या गटाने १९८७ साली दाखवलं की ज्या गाठींत या जीनच्या प्रती वाढलेल्या आहेत त्यांचा आजार लवकर उलटतो. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, ट्रॅस्टुझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या गटात मोडतात.

औषधाबद्दल भरपूर लिहिलं जातं. पण ते कोणाला द्यायचं हे ठरवणारी तपासणी कुठे बिघडते याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बिघडते ती बहुतेक वेळा लॅबमध्ये पोहोचण्याआधीच.

आधी तुकडा. सुईने पेशी ओढून केलेली एफएनएसी निदानाची दिशा दाखवते, पण हर-टूसाठी ती पुरत नाही. तिथे नळीची भिंत फोडून आजूबाजूला पसरलेला कर्करोग आणि दुधाच्या नळीतच अडकलेला कर्करोग यांतला भेद करता येत नाही, आणि हर-टूच्या रंगाचा शून्य ते ३+ असा स्कोअर मात्र फक्त पसरलेल्या भागावरच द्यायचा असतो. म्हणून १४ गेजच्या सुईने चार-सहा कोअर, म्हणजे बारीक लांबट तुकडे, घेतलेले बरे. ते लगेच फॉर्मालिनमध्ये टाकायचे. सलाईनमध्ये भिजवलेला तुकडा आला की आमच्या पोटात गोळा येतो, कारण सलाईन काहीच टिकवत नाही. पेशी स्वतःच्याच एन्झाइमने सडू लागतात.

फॉर्मालिन म्हणजे कुठलंही फॉर्मालिन नव्हे. दुकानात मिळणारं द्रावण ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं असतं. त्याचा एक भाग आणि नळाच्या पाण्याचे नऊ भाग, की झालं १० टक्के फॉर्मालिन, अशी समजूत सर्रास आढळते. त्यात आम्लता स्थिर ठेवणारा बफर नसतो. ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं, पेशींवर काळपट-तपकिरी कण साचतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. पुढे जीनच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजणारी फिश चाचणी करायला जावं तर ठिपकेच दिसत नाहीत. बरोबर द्रावण करणं अवघड नाही: १०० मिलि फॉर्मालिन, ९०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. पीएच ७ च्या जवळ येतो. ज्या छोट्या नर्सिंग होममधून महिन्याला दोन-चारच बायोप्सी येतात तिथे हे तयार करून, तारीख टाकलेल्या बाटल्या आधीच पाठवून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मग वेळ. तुकडा शरीरातून निघाल्यापासून फॉर्मालिनमध्ये पडेपर्यंत एक तासाच्या वर जाऊ नये, आणि फॉर्मालिनमध्ये तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. कोअर बायोप्सीत हे जमतं. घोळ होतो तो ऑपरेशनच्या मोठ्या नमुन्यात. अख्खं स्तन बादलीत टाकून वरून फॉर्मालिन ओतलं की काम झालं असं थिएटरमध्ये वाटतं. फॉर्मालिन ताशी साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, आणि चरबीतून तर त्याहून रखडत. चार-पाच सेंटिमीटर खोल बसलेल्या गाठीपर्यंत ते पोहोचेस्तोवर मधला भाग मऊ पडलेला असतो. म्हणून नमुना ताजा असतानाच त्याच्या कडांवर शाई लावून, ५ ते १० मिलिमीटर जाडीचे काप पाडून, कापांमध्ये टिशू पेपर घालून भरपूर द्रावणात ठेवायचा. द्रावण नमुन्याच्या दहापट तरी हवं. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन झालं, लॅब सोमवारी उघडणार, आणि मध्ये कोणी काप पाडले नाहीत, तर त्या नमुन्यावरच्या हर-टूवर आम्ही विश्वास ठेवत नाही. कोअर बायोप्सीवरचा निकाल त्यापेक्षा भरवशाचा.

दुसरा एक नेहमीचा प्रकार म्हणजे अरुंद तोंडाची बाटली. काढलेली गाठ ताजी असताना मऊ असते, दाबून आत जाते. फॉर्मालिनमध्ये ती कडक होते आणि बाहेर यायला तयार नसते. मग प्लॅस्टिकची बाटली कटरने उभी कापावी लागते, आणि आत जो भाग भिंतीला चिकटून बसलेला असतो तिथे फॉर्मालिन पोहोचलेलंच नसतं. गुलाबी, ओलसर, कच्चं मांस तसंच.

फॉर्मवर ‘तुकडा काढल्याची वेळ’ आणि ‘फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ’ असे दोन रकाने असतात. ते बहुधा रिकामे येतात. आमच्या मते त्या कागदावरचे सगळ्यात मोलाचे रकाने तेच. थिएटरमधल्या सिस्टरना फोन करून वेळ विचारली की त्या सांगतात, पण ती आठवणीतली वेळ असते. बाटलीच्या लेबलवरच पेनाने लिहून टाकणं सोपं पडतं.

६ तासांपेक्षा कमी वेळ मिळाला तर काय बिघडतं? वरवर काहीच नाही, तुकडा कापला जातो, नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाची एच अँड ई स्लाइडही बरी दिसते. पण प्रोसेसिंगच्या मशीनमध्ये पुढची पायरी अल्कोहोलची असते, आणि जो भाग फॉर्मालिनने पक्का केला नाही तो अल्कोहोल आपल्या पद्धतीने गोठवतं. परिणाम असा की एकाच तुकड्याच्या कडेला एक रंग, मध्ये दुसरा. ‘आज सकाळी बायोप्सी, उद्या रिपोर्ट’ असा आग्रह धरणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं.

तुकडा मेणात बसवून ब्लॉक तयार झाला की मायक्रोटोमवर ४ मायक्रॉनचे काप घेतात, कोमट पाण्यावर तरंगवतात आणि धनभारित काचेवर उचलतात. साधी काच वापरली तर पुढे उकळत्या द्रावणात काप सुटून वाहून जातो, पैसे वाचवायच्या नादात हा घोटाळा होतो. कापलेल्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांच्या आत वापराव्यात. जुन्या होत गेल्या की प्रथिनाची खूण फिकी पडत जाते आणि ३+ ची २+ होऊ शकते. म्हणून दुसऱ्या शहरात तपासणीला पाठवायचं असेल तर स्लाइडपेक्षा ब्लॉक पाठवणं चांगलं.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आयएचसीची कृती आता बहुतेक ठिकाणी मशीनवर होते. मेण काढणं, द्रावणात तापवून प्रथिनाची खूण उघडी करणं, पेशीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेज बंद करणं, हर-टूविरुद्धचं प्रतिपिंड, त्यावर रंग आणणारा पॉलिमर, मग डीएबीचा तपकिरी रंग आणि शेवटी हेमॅटॉक्सिलिनचा निळा. ४बी५ नावाचं सशाचं प्रतिपिंड खूप वापरलं जातं. ते रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला चिकटतं, ट्रॅस्टुझुमॅब चिकटतं त्या बाहेरच्या भागाला नव्हे. हा फरक पुढे एका ठिकाणी आडवा येतो.

हाताने करणाऱ्या लॅबमध्ये दोन चुका वारंवार होतात. मधल्या एखाद्या पायरीत स्लाइड सुकते, आणि मग कापाच्या कडेला तपकिरी पट्टा उमटतो जो पॉझिटिव्ह भासतो. किंवा तापवणं जास्त होतं आणि निरोगी नळ्याही रंगू लागतात. याला आळा घालायला त्याच काचेच्या टोकाला तीन माहितीतले तुकडे लावतात: एक ३+, एक १+, एक शून्य. फक्त ३+ चा कंट्रोल लावून समाधान मानणं धोक्याचं, कारण ३+ इतका जोरदार असतो की निम्मी रसायनं बिघडली तरी तो रंगतोच. बिघाड आधी दिसतो तो १+ मध्ये. शिवाय पेशंटच्याच तुकड्यात एखादी निरोगी नळी असेल तर ती पाहायची. ती ठळक रंगली असेल तर त्या स्लाइडचा रिपोर्ट द्यायचा नाही, काम परत करायचं.

आता वाचन. पसरलेल्या कर्करोगाच्या १० टक्क्यांहून जास्त पेशींत आवरण पूर्ण गोलाकार आणि गडद रंगलं असेल तर ३+. गोल पूर्ण आहे, पण रंग फिका ते मध्यम, तर २+. गोल अर्धवट आणि रंग जेमतेम दिसणारा, तर १+. काहीच नाही, किंवा तसा जेमतेम रंग १० टक्के वा त्याहून कमी पेशींत, तर शून्य. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात ‘गडद’ आणि ‘मध्यम’ यांत भांडण होतं. त्यावर लेन्सचा हिशेब कामाला येतो: २.५ किंवा ५ पटीच्या लेन्समध्येच, स्लाइड ठेवताक्षणी, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखं आवरण दिसलं तर ३+. त्यासाठी १० किंवा २० ची लेन्स लावावी लागली तर २+. ४० ची लावून डोळे ताणावे लागले तर १+. ४० वर ठरवलेला ३+ आम्ही मोजतच नाही.

फसवणारी ठिकाणं ठरलेली आहेत. तुकड्याची कड आणि सुईने चिरडलेला भाग वगळायचा. पेशीच्या आतल्या द्रवात आलेला दाणेदार रंग मोजायचा नाही. नळीत अडकलेला कर्करोग पुष्कळदा स्वतः ३+ असतो आणि शेजारचा पसरलेला भाग १+, आणि घाईत नजर आधी त्या सुंदर रंगलेल्या नळीवर जाते. मायक्रोपॅपिलरी प्रकारात रंग गडद असतो पण गोल पूर्ण होत नाही, यू आकारात अडतो. नियमावर बोट ठेवून त्याला १+ म्हणणं चूक, त्याला २+ देऊन फिशला पाठवायचं. आणि गाठीचा स्वभाव विसरायचा नाही. ग्रेड १ ची, ट्युब्युलर किंवा म्युसिनस प्रकारची, ईआर भरपूर असलेली गाठ ३+ आली तर ती आधी संशयित. ब्लॉकची अदलाबदल झाली का, काप दुसऱ्याचा चिकटला का, हे तपासून मगच सही.

२+ म्हणजे ‘थोडंसं पॉझिटिव्ह’ नव्हे. रिपोर्ट हातात आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. २+ म्हणजे रंगावरून ठरत नाही, जीनच्या प्रती मोजाव्या लागतील, इतकाच त्याचा अर्थ. त्यावर औषध सुरू करायचं नाही आणि नाकारायचंही नाही.

मोजणी फिशने होते. कापावर पेप्सिनसारखं एन्झाइम टाकून प्रथिनांचं जाळं सैल करतात, डीएनएचे दोन धागे उष्णतेने वेगळे करतात, त्यावर डीएनएच्या ठरावीक जागेलाच चिकटणारे, चमकणारे प्रोब टाकून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी धुऊन अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहायचं: निळं केंद्रक, हर-टूचे केशरी ठिपके, १७ व्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूचे हिरवे ठिपके. सगळी मेख एन्झाइमच्या मिनिटांत आहे. कमी पडलं तर प्रोब आत शिरत नाही आणि ठिपके गायब. जास्त झालं तर केंद्रकाची कड विरघळते आणि रिकामी भुतं दिसतात. प्रत्येक ब्लॉकला लागणारा वेळ थोडा वेगळा असतो, आणि जास्त दिवस फॉर्मालिनमध्ये पडलेल्याला अधिक.

किमान २० केंद्रकं मोजायची, एकमेकांवर चढलेली सोडून. समजा २० केंद्रकांत केशरी ९६ आणि हिरवे ४४ मिळाले. हर-टूची सरासरी ४.८, केशरी भागिले हिरवे हे गुणोत्तर २.१८. गुणोत्तर २ वा अधिक आणि सरासरी ४ वा अधिक, म्हणजे पॉझिटिव्ह. आता समजा केशरी ९० आणि हिरवे ६२. सरासरी ४.५ म्हणजे वाढलेलीच, पण गुणोत्तर १.४५. इथे पूर्वी पेशंट अधांतरी लटकत असे. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी यावर रस्ता घालून दिला: पहिला आकडा न सांगता दुसऱ्या माणसाकडून, आयएचसी स्लाइडवर २+ दिसलेल्या भागातच, आणखी २० केंद्रकं मोजून घ्यायची. सरासरी ४ ते ६ च्या मध्ये आणि गुणोत्तर २ च्या खालीच राहिलं तर निकाल निगेटिव्ह, सोबत टीप. सरासरी ६ वा अधिक भरली तर गुणोत्तर २ च्या खाली असूनही पॉझिटिव्ह. ठिपके एकमेकांत मिसळून केशरी ढग झाला असेल तर मोजत बसायची गरज नसते, पण तशी गाठ बहुतेक आयएचसीलाच ३+ आलेली असते.

हाडातून घेतलेल्या बायोप्सीची वेगळी कहाणी. हाड मऊ करायला कडक ॲसिड वापरलं की डीएनए संपलं, फिश निरर्थक. ईडीटीएने मऊ करायला दिवस जास्त लागतात, पण रिसेप्टर तपासायचे असतील तर दुसरा मार्ग नाही. ‘हाडातली गाठ, हर-टू हवं आहे’ हे फॉर्मवर आधीच लिहिलेलं असेल तर टेक्निशियन ॲसिडची बरणी उघडणारच नाही.

जठराच्या कर्करोगातही हर-टू पाहतात, पण हेच नियम तिथे लावले तर निकाल चुकतो. तिथल्या ग्रंथींच्या पेशी आतल्या बाजूने रंगत नाहीत, त्यामुळे यू आकार चालतो, आणि एंडोस्कोपीच्या छोट्या तुकड्यात सलग पाच पेशींचा पुंजका गडद असला तरी ३+ धरतात. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरचं गणित तर पूर्ण निराळं. तिथे आवरणावर रिसेप्टर किती आहेत याला फारसा अर्थ नाही. रिसेप्टरचा पेशीच्या आतला भाग जीनमधल्या बदलामुळे कायमचा चालू होतो का, हे पाहायचं असतं. औषधही गोळीचं, गेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिब, जे आत शिरून काम करतं. म्हणून तिथे रंग नव्हे, डीएनए तपासतात. ‘फुप्फुसाच्या ब्लॉकवर ईजीएफआर आयएचसी करा’ अशी चिठ्ठी आली तर आधी फोन करावा.

२०२२ पासून आमच्या टेबलावरचं काम एका बाजूने वाढलं. त्याआधी शून्य आणि १+ दोन्ही निगेटिव्ह, त्यांतला फरक कोणी विचारत नसे. मग ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे औषध १+ आणि ‘२+ पण फिश निगेटिव्ह’ अशा, शरीरात इतरत्र पसरलेल्या आजारातही उपयोगी पडतं हे सिद्ध झालं. या औषधात प्रतिपिंडाच्या प्रत्येक रेणूवर सुमारे आठ विषारी रेणू लादलेले असतात. रिसेप्टर थोडे असले तरी तेवढ्यांवरून माल आत जातो, आणि सुटलेलं विष आवरण ओलांडून शेजारच्या पेशींनाही मारतं. त्यामुळे रिपोर्टात नुसतं ‘हर-टू निगेटिव्ह’ लिहिणं आता अपुरं आहे, आकडा लिहायलाच हवा. खरं सांगायचं तर शून्य आणि १+ यांच्या सीमेवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही. मुळात ही तपासणी ठळक पॉझिटिव्ह शोधायला बनवलेली, तिच्याकडून आता फिक्या रंगाचा हिशेब मागितला जातोय. त्यामुळे जुना शून्याचा रिपोर्ट असेल तर दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा पाहायला सांगणं गैर नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की काम डे-केअरकडे जातं. पहिल्या डोसआधी टूडी एको, हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा पाहायला. हृदयाच्या स्नायूंवरही हर-टू असतो आणि ताण पडल्यावर तो दुरुस्तीच्या कामी येतो, तोच दाबला गेला तर काही जणींचं हृदय रक्त कमी जोराने फेकू लागतं. अँथ्रासायक्लिनची लाल केमो आणि ट्रॅस्टुझुमॅब एकत्र देत नाहीत ते यासाठीच, आधी एक, मग दुसरं. पुढे दर तीन महिन्यांनी एको. शक्यतो त्याच ठिकाणी करावा, कारण मशीन आणि माणूस बदलला की चार-पाच टक्क्यांचा फरक नुसता मोजण्यातच पडतो. आकडा सुरुवातीपेक्षा १६ किंवा जास्त टक्के-अंकांनी खाली आला, किंवा १० अंकांनी उतरून नॉर्मलच्या खाली गेला, तर औषध किमान चार आठवडे थांबवतात. दिलाशाची गोष्ट म्हणजे ही घसरण बहुतेक वेळा भरून निघते, अँथ्रासायक्लिनची तशी निघत नाही.

डोस वजनावर. दर तीन आठवड्यांच्या पद्धतीत पहिला किलोला ८ मिलिग्रॅम, पुढचे ६. पेशंट ५८ किलोची असेल तर पहिला ४६४ मिलिग्रॅम, पुढचे ३४८. व्हायल ४४० ची. चोवीस मिलिग्रॅमसाठी दुसरी व्हायल फोडायची का? अनेक केंद्रांत १० टक्क्यांपर्यंत गोल करायची मुभा असते, पण ते ऑन्कॉलॉजिस्टने लिहून द्यायचं, सिस्टरने ठरवायचं नाही. ४४० च्या व्हायलसोबत २० मिलि बॅक्टेरिओस्टॅटिक पाणी येतं, म्हणजे जंतू वाढू नयेत म्हणून बेंझिल अल्कोहोल घातलेलं. ते भिंतीवरून हळू सोडायचं, व्हायल हलक्या हाताने फिरवायची, हलवायची नाही. हलवली की फेस होतो, प्रथिन बिघडतं आणि फेसात अडकलेला डोस सिरिंजमध्ये येत नाही. पाच मिनिटं ठेवली की द्रावण निवळतं, मिलिलिटरला २१ मिलिग्रॅम. ३४८ साठी १६.६ मिलि. उरलेलं औषध या पाण्यात केलं असेल तर २ ते ८ अंशांवर २८ दिवस टिकतं, म्हणजे २१ दिवसांनंतरच्या डोसात वापरता येतं. बेंझिल अल्कोहोलची ॲलर्जी असल्यामुळे साध्या स्टराइल पाण्यात केलं असेल तर मात्र उरलेलं फेकायचं. व्हायल पेशंट घरी नेत असेल तर फ्रीजच्या दारात नको, फ्रीझरला चिकटून तर मुळीच नको. गोठलेलं औषध गेलं.

हे औषध २५० मिलि नॉर्मल सलाईनमध्येच मिसळतात. डेक्स्ट्रोज चालत नाही, प्रथिनाच्या गाठी होतात. गंमत अशी की ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकनचं नेमकं उलट, ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये जातं आणि सलाईन वर्ज्य. तिसरं, तेही विष लादलेलं, ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन, ते सलाईनमध्ये आणि लाइनमध्ये फिल्टर लावून. तिन्ही नावांची सुरुवात एक, डोस वेगळे: ट्रॅस्टुझुमॅब ६, एमटान्सिन ३.६, डेरुक्सटेकन ५.४ मिलिग्रॅम प्रति किलो. विष लादलेलं औषध साध्याच्या हिशेबाने दिलं तर जिवावर बेतेल. म्हणून चिठ्ठीवर पूर्ण नाव, आणि व्हायलचं लेबल दोघांनी मोठ्याने वाचायचं. डेरुक्सटेकन घेणारीला नवीन कोरडा खोकला किंवा धाप लागली तर कफ सिरप देऊन वाट पाहायची नाही. त्या दिवशी डॉक्टर, छातीचा सीटी, आणि डोस बंद. फुप्फुसाची ती सूज लवकर पकडली तरच आटोक्यात येते.

पहिला डोस ९० मिनिटांत. पुष्कळ जणींना त्याच दिवशी थंडी वाजून येते, अंग थरथरतं, ताप चढतो. सलाईन थांबवायचं, पॅरासिटामॉल आणि फेनिरामिन द्यायचं, ब्लँकेट घालायचं, शांत झाल्यावर हळू वेगाने पुन्हा सुरू करायचं. श्वास लागला किंवा बीपी पडला तर ती गोष्ट वेगळी. पहिल्या वेळी सुरुवातीपासून सहा तास तरी पेशंट नजरेसमोर असावी, त्यामुळे परगावच्या माणसाने संध्याकाळच्या एसटीचं रिझर्व्हेशन त्या दिवशी करू नये. पुढचे डोस सोसले तर ३० मिनिटांवर येतात. ठरलेल्या तारखेपेक्षा एक आठवड्याहून जास्त उशीर झाला तर ६ चालत नाही, पुन्हा ८ चा डोस द्यावा लागतो. लग्नकार्यासाठी ‘पुढच्या आठवड्यात येते’ म्हणणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

२०१४ मध्ये बायोकॉनचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ ट्रॅस्टुझुमॅबशी मिळतंजुळतं औषध, बाजारात आलं, नंतर इतरही आले, आणि पूर्वी औषधाचं नाव ऐकूनच परत जाणारे पेशंट वर्षभराचे डोस पुरे करू लागले. प्रतिपिंडं एकसारखी असली तरी मध्येच ब्रँड बदलला तर बॅच नंबरसकट फाइलमध्ये नोंद हवी, म्हणजे रिॲक्शन आली तर माग काढता येतो.

आजार उलटला तर नव्या जागेची बायोप्सी घेऊन हर-टू परत करावं, जुन्या रिपोर्टावर विसंबू नये. उपचारांनंतर उरलेल्या गाठीत हर-टू नाहीसा झालेला आढळतो, क्वचित निगेटिव्हचा पॉझिटिव्हही होतो. काही गाठींत रिसेप्टरचा बाहेरचा भागच तुटून जातो आणि आतली शेपटी चालू राहते. ४बी५ शेपटीला चिकटतं म्हणून स्लाइड ३+ दिसते, पण ट्रॅस्टुझुमॅबला धरायला बाहेर काही उरलेलं नसतं. अशा वेळी आतून काम करणारी लॅपाटिनिबसारखी गोळी विचारात येते. मेंदूत पसरलेल्या आजारातही गोळ्यांकडे वळावं लागतं, कारण प्रतिपिंड तिथे पुरेसं पोहोचत नाही. टुकाटिनिबचा उपयोग त्यासाठी दिसला.

या प्रत्येक वळणावर पहिला ब्लॉक लागतो. अर्ज दिल्यावर लॅब तो देते, रिपोर्टावरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी तिथेच ताडून घ्यावा. ब्लॉक म्हणजे मेण आहे, ते ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात अकोल्याहून किंवा चंद्रपूरहून मुंबईला नेताना तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डबीत, कापसात गुंडाळून, सोबतच्या बॅगेत न्यावा. बर्फ लागत नाही.